गिअर ऑइलची गळती घरी बंद करणे : जुन्या गाड्यांचे अनुभव

मारुती ८००, झेन, जुनी अल्टो, सँट्रो... पंधरा वर्षं झालेल्या गाडीखाली डाग दिसतोच. घरी नेमकं काय जमतं आणि कुठे फसतं, ते लिहा. 'गॅरेजला टाका' हा सल्ला माहीत आहे, तो नको.

सॉकेट_१७

आधी ऑइल कुठलं ते ठरवा. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनने आखून ठेवा. गिअर ऑइल दाट, पिवळट-तपकिरी असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा नाकात बसला की चुकत नाही. इंजिन ऑइल काळं. लालसर दिसलं तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं.

मग गिअरबॉक्स डिझेल आणि ब्रशने धुऊन कोरडा पुसा, १०-१५ किमी फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन खाली शिरा. वाऱ्याने ऑइल मागे पसरतं, त्यामुळे सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा धरा.

इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून खाली थेंब पडत असेल तर पुन्हा वास घ्या. गंधक असेल तर इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्याचं) सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी; नसेल तर बहुधा क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील. दोन्हीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हे अंगणातलं काम नव्हे.

गोटीपाना

बहुतेक वेळा एक्सलचं, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं, ऑइल सील गेलेलं असतं. ते बदलायचा क्रम असा.

मागच्या चाकांना दगड लावा आणि पुढची बाजू जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही.

आधी भरायचा प्लग सोडून बघा, मगच तळाचा. वरचा प्लग जाम निघाला आणि ऑइल आधीच काढून बसलात, तर गाडी तिथेच उभी. तळाच्या प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावरची करडी लोण्यासारखी चिकट राख चालते. बोटाला टोचणारे तुकडे आले तर आत गिअरचा दात तुटतोय.

लोअर आर्मचा (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट सोडला की हब, म्हणजे चाक बसतं तो मधला भाग, बाहेर ओढता येतो, हब नट सोडावाच लागतो असं नाही. एक्सलच्या दांड्याला धरून मात्र ओढू नका. आतला सांधा सुटतो आणि ग्रीसचा चिखल होतो. सांधा आणि गिअरबॉक्सच्या फटीत टॉमी (लोखंडी पहार) घालून एक झटका द्या, एक्सल अडकवून ठेवणारी सर्क्लिप (स्प्रिंगची कडी) सुटते. दोन्ही एक्सल एकदम काढू नका. काही गिअरबॉक्समध्ये आतले डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना ताकद वाटणारे) गिअर सरकतात.

जुनं सील किती आत बसलंय ते काढण्याआधी मोजा. नवं बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे, ओठाला (सीलच्या आतल्या रबरी कडेला) गिअर ऑइलचं बोट, आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढी गोटी (पान्याचा सॉकेट) ठेवून चारी बाजूंनी हलके ठोके. तिरकं बसलं की संपलं. एक्सलवर नखाला लागेल अशी चर पडली असेल तर सील एक-दीड मिमी बाहेर ठेवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकतो.

मिस्त्री_कोथरूड

आणि सील बदलूनही महिन्याभरात गळायला लागलं तर सीलला शिव्या देण्याआधी ब्रीदर बघा! गिअरबॉक्सच्या माथ्यावरची ती छोटी टोपी किंवा नळी चिखलाने बुजते. ऑइल तापलं की आतली हवा फुगते, वाट मिळाली नाही की सीलमधून ऑइल ढकलते. तार आणि डिझेलने साफ करा, फुंकून बघा. नव्या सीलइतकंच महत्त्वाचं काम हे आहे, आणि फुकट आहे.

आटे_गेले

भरताना गाडी चारी बाजूंनी सपाट हवी. पुढून उचललेली असताना पातळी चुकते. पातळी म्हणजे भरायच्या भोकाची खालची कड. तिथून ऑइल ओघळू लागलं की थांबा. छोट्या मारुतींना दोन लिटरच्या आसपास लागतं, तीन आणून ठेवा. मीटरभर पारदर्शक नळी आणि वर फनेल. डबा आधी अर्धा तास उन्हात ठेवा, नाहीतर फनेलपाशी अर्धा दिवस जाईल.

प्लगला वॉशर असेल तर नवा घाला. केसिंग अॅल्युमिनियमचं आहे, पान्याला पाइप लावून आवळू नका.

ग्रेड मॅन्युअलमधलाच. जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) सांगितलं असेल तिथे 'वरचं आहे' म्हणून जीएल-५ ओतू नका. त्यातल्या गंधकाच्या मिश्रणांचा सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) पितळी रिंगांना त्रास होऊ शकतो आणि गिअर अडायला लागतात.

सिटी_ऑटो

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी थोडंसं. पॅनची (गिअरबॉक्सच्या तळाच्या पत्र्याच्या थाळीची) पाकिंग, म्हणजे सांध्यातली पट्टी, गळत असेल तर बोल्ट आणखी आवळू नका, पत्र्याची कड वाकते आणि गळती वाढते. पॅन काढा, कड सपाट पट्टीवर ठेवून बघा, नवी पाकिंग घाला. निघालेलं ऑइल मोजा, तेवढंच भरा. पातळी बघायची रीतही कंपनीगणिक वेगळी: जुन्या होंडात गाडी गरम करून इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटात डिपस्टिक, टोयोटात इंजिन चालू ठेवून.

गोटीपाना

एक राहिलंच. केबलचा स्पीडोमीटर असलेल्या गाडीत, केबल गिअरबॉक्समध्ये शिरते तिथली ओ-रिंग (रबरी कडी) आधी बघा. गळती वरून ओघळत खाली येते आणि दोष एक्सलच्या सीलवर जातो.