मदत हवी आहे : लेक उजवा हात वापरतच नाही

नमस्कार मंडळी. माझी मुलगी साडेचार वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा कमी), उजवी बाजू कमजोर. चालते, बोलण्यात तर कुणाला ऐकत नाही! पण उजवी मूठ घट्ट, अंगठा आत दुमडलेला. सगळं डाव्या हातानंच उरकते.

ऑक्युपेशनल थेरपिस्टनी डाव्या हातात जाड मोजा घालून रोज २ तास उजव्यानं खेळवायला सांगितलंय. तिसऱ्याच दिवशी रडारड, मोजा दातांनी काढून फेकला. मलाही तो हात बांधणं जिवावर येतं, खरं सांगते.

याउलट मटार सोलायला बसवलं, की शेंग धरायला उजवा हात आपसूक पुढे येतो. कणकेचा गोळा, डब्याचं झाकण, तेही चालतं. मग दोन्ही हातांच्या अशा कामांवरच भर दिला तर? थेरपिस्टना विचारणारच आहे, पण घरी केलेल्यांचा अनुभव हवाय. मोजा कसा खपवलात? अंगठ्याचं स्प्लिंट (अंगठा बाहेर धरून ठेवणारा आधार) खेळताना घालता की रात्री?

बोटॉक्सचंही (घट्ट स्नायू सैल करणारं इंजेक्शन) सुचवलंय. परिणाम साधारण ३-४ महिनेच, त्यात व्यायाम जोमानं करावा लागतो म्हणे. कुणी घेतलंय?