तार लागून मुलाच्या बुबुळावर फूल राहिलंय: बुबुळ बदलायचं की थांबायचं?

प्रश्न: वय ५ वर्षं. उजवं बुबुळ तारेने फाटलं होतं, त्याच दिवशी भूल देऊन टाके घातले. टाके निघालेत, पण मधोमध पांढरं फूल आहे. तक्त्यावरचं सगळ्यात मोठं चित्र तेवढं ओळखतो. लगेच प्रत्यारोपण करावं का?

भिंगवाला: आधी बघा, नजर फुलामुळे अडलीय की बुबुळ वेडंवाकडं झाल्यामुळे. कडक कॉन्टॅक्ट लेन्स घालून तक्ता परत वाचायला लावा. लेन्सखालची फट अश्रूंनी भरून निघते, खडबडीतपणा झाकला जातो. दोन-तीन ओळी वाढल्या तर ऑपरेशन टाळता येईल. आतलं भिंग आणि पडदाही तपासून घ्या, फुलातून दिसत नसेल तर सोनोग्राफीने. तारेने भिंगालाही इजा होऊन मोतीबिंदू झालेला असू शकतो. मोतीबिंदू तसाच ठेवून नुसतं बुबुळ बदलल्याने नजर येणार नाही.

टाकेदार: पटलं, पण यात महिने घालवू नका. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू बघायला शिकत असतो, धूसर डोळ्याकडे तो दुर्लक्ष करायला लागतो. प्रत्यारोपण ठरलंच तर दात्याच्या बुबुळाची चकती मुलाच्या बुबुळातल्या भोकापेक्षा पाव ते अर्धा मिलिमीटर मोठी कापतात आणि १०-० नायलॉनचे (केसाहून बारीक धाग्याचे) साधारण १६ सुटे टाके घालतात. सुटेच, कारण सलग धागा एका जागी ढिला पडला की सगळाच जातो. आणि मुलांमध्ये टाके फार लवकर ढिले पडतात. ढिल्या टाक्याला चिकट स्राव धरतो, रक्तवाहिन्या त्याच्या दिशेने सरकतात. मग जंतुसंसर्ग होतो, नाहीतर शरीर नवं बुबुळ नाकारतं. असा टाका दिसला की ताबडतोब काढायचा, पुन्हा भूल द्यावी लागली तरी. बाकीचेही या वयात काही महिन्यांतच काढतात, मोठ्या माणसांसारखं वर्षभर ठेवत नाहीत.

आळशी_डोळा: निम्मं काम त्यानंतर सुरू होतं. चष्मा किंवा लेन्स, आणि चांगल्या डोळ्यावर दिवसाला २ ते ६ तास पट्टी. पट्टी कातडीलाच चिकटवा; चष्म्याच्या काचेवर लावली की मूल मान तिरपी करून फटीतून बघतं. स्टेरॉइडचे थेंब मनाने बंद करू नका, पण त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो, तो प्रत्येक भेटीत मोजून घ्या. रोज सकाळी मुलाला खिडकीसमोर बसवून बुबुळात चौकटीचं प्रतिबिंब बघा. काल रेखीव होतं आणि आज विस्कटलेलं दिसतंय, किंवा लाली आहे, उजेडात डोळा मिटतोय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लहान मूल ‘कमी दिसतंय’ असं स्वतःहून सांगत नाही.