समुद्राचे आम्लीकरण नववीच्या वर्गात कसे शिकवावे?

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववीला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी सामू (pH; ७ पेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी, जास्त म्हणजे आम्लारीधर्मी) शिकवून झाल्यावर समुद्राचे आम्लीकरण, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून समुद्राच्या पाण्याचा सामू उतरणे, समजावे म्हणून तिसऱ्यांच्या (खाडीतल्या खाण्याच्या शिंपल्यांच्या) शिंपांवर व्हिनेगर ओतून दाखवले. बुडबुडे आले आणि बहुतेक मुलांनी वहीत लिहिले की समुद्र आता आम्लधर्मी झाला आहे. दुसऱ्या दिवशी मासेमारी करणाऱ्या घरातल्या एका मुलाने बाटलीभर समुद्राचे पाणी आणले आणि त्यात तांबडा लिटमस बुडवला. तो निळा झाला. "बाई, मगे आम्ल खंय गेला?" या त्याच्या प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नाही. आमच्याकडे लिटमस, वैश्विक दर्शक आणि काचसामान आहे, सामूमापक नाही. मुलांची दिशाभूल न करता हा विषय कसा दाखवावा? आणि आपल्या खाडीतल्या तिसऱ्यांशी त्याचा संबंध जोडावा का?

निवृत्त रसायनशिक्षक

बाई, यंदाचा तास त्या मुलाच्या बाटलीपासूनच सुरू करा. समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू औद्योगिक क्रांतीपूर्वी ८.२ च्या आसपास होता आणि आता तो ८.१ च्या आसपास आहे, म्हणजे पाणी आजही आम्लारीधर्मीच आहे. 'आम्लीकरण' हा शब्द दिशा सांगतो. ओहोटी लागली असे आपण म्हणतो तेव्हा खाडी कोरडी पडलेली नसते.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे मुले विचारतीलच. लॉगॅरिथम त्यांना ठाऊक नसतो, पण कॅल्क्युलेटरवर दहा वेळा १.२६ घेऊन त्यांचा गुणाकार करायला सांगा; उत्तर जवळपास १० येते. सामूचा एक पूर्ण अंक म्हणजे हायड्रोजन आयनांत दहापट फरक, म्हणून त्याचा दहावा भाग १.२६ पट ठरतो, अर्थात सुमारे २६ टक्के वाढ. अनेक ठिकाणी '३० टक्के' छापलेले दिसते, ते घट ०.१ पेक्षा किंचित जास्त धरल्यामुळे. व्हिनेगरचा सामू मात्र ३ च्या आतबाहेर असतो आणि त्यातले हायड्रोजन आयन समुद्राच्या पाण्यातल्यापेक्षा लाखपटीहून अधिक असतात. त्या प्रयोगातून शिंप कॅल्शिअम कार्बोनेटची असते एवढेच सिद्ध होते.

दोनापावला

वरील उत्तराला जोड देतो. दोन चंचुपात्रांत सारख्याच मापाचे पाणी घ्या, एकात ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) आणि दुसऱ्यात समुद्राचे. दोन्हींत जांभळ्या कोबीचा रस सारख्याच प्रमाणात घाला आणि नळीने सारखाच वेळ फुंका (नळी प्रत्येकाची वेगळी, आणि पाणी ओढायचे नाही, हे दोनदा बजावा). ऊर्ध्वपातित पाण्याचा रंग लवकर बदलतो, समुद्राचे पाणी बराच वेळ तग धरते. हा तग धरण्याचा गुण विरघळलेल्या बायकार्बोनेट आणि कार्बोनेट आयनांमुळे येतो, आणि खरी मेख इथेच आहे: पाण्यात शिरलेला कार्बन डायऑक्साइड पचवताना कार्बोनेट आयन खर्ची पडून त्यांचे बायकार्बोनेट होते. शिंप किंवा प्रवाळ घडवायला नेमका कार्बोनेटच लागतो. म्हणून शिंप विरघळायला लागण्याच्या कितीतरी आधी ती घडवणे जिवाला महाग पडू लागते, आणि त्याचा फटका सर्वांत आधी कोवळ्या डिंभकांना (अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांना) बसतो.

अमेरिकेतील ओरेगॉनच्या नेटार्ट्स उपसागरावर २००७ च्या सुमारास कालवांच्या हॅचरीत डिंभक मोठ्या संख्येने मरू लागले. प्रथम जिवाणूंवर संशय गेला. पुढे कळले की वाऱ्यामुळे खोलातून वर येणारे, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी टाक्यांत येत होते. त्यांनी पाण्याचा सामू सतत मोजायला सुरुवात केली आणि टाक्यांत सोडिअम कार्बोनेट मिसळून पाणी सुधारले. हा पदार्थ म्हणजे आपला धुण्याचा सोडा. मुले तो ओळखतात.

भरतीरेषा

तिसऱ्यांचा संबंध जोडा, पण निकाल आधी ठरवून जोडू नका. किनाऱ्याचे गणित खुल्या समुद्रापेक्षा गुंतागुंतीचे आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खालचे, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर त्याच्या वर्षानुवर्षे नोंदी घेतल्या आहेत. सेंद्रिय पदार्थ कुजताना प्राणवायू संपतो तसा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यामुळे अशा पाण्याचा सामूही उतरलेला असतो. म्हणजे ही घट दरवर्षी निसर्गतः येते, तिच्यावर हवेतल्या वाढत्या वायूचा भार पडतो, आणि सांडपाणी व खते खाडीत उतरली तर शेवाळ माजून, मरून, कुजून तोच परिणाम आणखी वाढतो. तिसऱ्या कमी होण्यामागे वाळूउपसा आणि बेसुमार वेचणी हीही कारणे असतात. त्यांना बाजूला सारून सगळे खापर आम्लीकरणावर फोडले, तर तो मुलगा पुन्हा बाटली घेऊन येईल.

जमल्यास ०.१ पर्यंत वाचणारा पेनसारखा साधा सामूमापक मागवा. एकाच धक्क्यावर सूर्योदयाला आणि दुपारी तीनला मोजा. दिवसा शेवाळ व पाणवनस्पती कार्बन डायऑक्साइड शोषतात, रात्री श्वसनाने तो साठतो, त्यामुळे पहाटेचा आकडा सहसा कमी येतो. भरती-ओहोटीची नोंद शेजारी हवीच, नाहीतर नदीचे पाणी मोजून समुद्राचे म्हणाल.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. कोबीचा रस आणि १.२६ चा गुणाकार याच आठवड्यात घेते. सामूमापकासाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज केला आहे. तो येईपर्यंत पहाटेच्या भरतीचे तक्ते काढून ठेवण्याचे काम त्या बाटलीवाल्या मुलाला दिले. त्याने घरच्या दिनदर्शिकेवरून पुढच्या पंधरवड्याच्या वेळा लगेच लिहून आणल्या.