अनुभव सांगा: मॉनिटर बिघडला, की बिघडल्यासारखा वाटला?

सावईवेऱ्याहून लिहितोय. गेला महिनाभर आमचा मॉनिटर मधूनच दोन सेकंद काळा पडतो आणि काही घडलंच नाही अशा थाटात परत येतो. दुकानदार म्हणतो, नवा घ्या. खिशात हात घालण्याआधी तुमचे किस्से ऐकतो. काय झालं होतं, कशानं सुटलं, किती पैसे बुडाले, सगळं लिहा.

म्हापशाहून
दर जूनला आमच्याकडे 'नो सिग्नल'. मॉनिटर बिचारा खरं तेच सांगतो, त्याच्यापर्यंत काही पोचतच नसतं. सीपीयूची वायर काढायची, तो उघडायचा, रॅमची पट्टी काढून सोनेरी दातांवर पोरांचं खोडरबर हलकेच फिरवायचं आणि खट्ट वाजेपर्यंत पट्टी परत बसवायची. खर्च शून्य. पहिल्या वर्षी मात्र मी नवा मॉनिटर घेऊन आलो होतो, त्यावरही 'नो सिग्नल'च!

पणजीहून, पानं लावणारी
माझा किस्सा वेगळा. रात्री शेवटचं पान तपासत होते, तर मथळ्यात 'गोवां'. अनुस्वार खोडायला गेले, जाईना. फाइल परत उघडली, तरी तिथंच. मग अनुस्वार शेजारच्या काना-मात्रांवरून चालायला लागला. काचेच्या आत, पडद्याच्या थरांमध्ये मुंगी शिरली होती! उजेडाकडे आणि उबेला येतात त्या. मी मूर्खासारखं बोटानं दाबलं, ती तिथंच मेली. असं कुणी करू नका. मॉनिटर बंद करून बाजूला दिवा लावला तर बऱ्याचदा आपण होऊन बाहेर येतात.

फोंड्याहून
टेबल हलवल्यावर स्क्रीन पिवळी झाली. आठ दिवस पिवळ्या एक्सेलमध्ये हिशेब केले. निळ्या तोंडाची जुनी व्हीजीए केबल काढून बघितली, पंधरा पिनांतली एक वाकलेली. निळा रंग नेणारी तीच. निळा गेला की लाल आणि हिरवा मिळून पिवळं दिसतं. पॉइंट पेन्सिलीचं पोकळ टोक त्या पिनेवर घालून सरळ केली.

डिचोलीहून
जुन्या डब्बा मॉनिटरच्या कोपऱ्यात जांभळा डाग होता. स्पीकर लांब सरकवले, मेनूत डीगॉस (पडद्यात बसलेलं चुंबकत्व घालवणारं बटण) दाबलं, 'टंग' झालं, डाग गेला. तो आवाज अजून आठवतो.

काणकोणहून
स्क्रीन काळी, गाणं मात्र चालू. भाच्यानं तिरकी बॅटरी मारली तर आत पुसट आयकॉन दिसले. म्हणजे चित्र होतं, मागचा दिवा गेलेला.

मडगावहून, दुरुस्तीचंच काम करतो
बॅटरीची युक्ती बरोबर. पण पुढचं घरी करू नका, प्लग काढला तरी पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा छोटा भाग) चार्ज राहतो. सकाळी चालू करताच मिचमिच करून विझणारे मॉनिटर येतात ना, त्यांत बहुतेक वेळा कपॅसिटरच डोक्यावर फुगलेले असतात. वस्तू काही रुपयांची, कष्ट उघडण्याचे.
धागा काढणाऱ्या दादांना: रंग बिघडले किंवा चित्र थरथरलं की मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडायचा. मेनूही खराब दिसला तर दोष मॉनिटरचा. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्र घाण, तर केबल नाहीतर कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड. तुमचं मात्र पूर्णच काळं होतंय. ते किती वाजता होतं, तेवढं चार दिवस लिहून ठेवा.

सावईवेऱ्याहून, पुन्हा मी
लिहिलं. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. आई विहिरीचा पंप लावते ती वेळ! पंप माझ्याच एक्स्टेन्शनवर, आणि पाच मीटरची एचडीएमआय केबल मी मोठ्या हौसेनं त्याच बोर्डाभोवती गुंडाळून ठेवलेली. पंप वेगळ्या प्लगवर नेला, दीड मीटरची केबल आणली. आज नववा दिवस, एकदाही काळं नाही. पणजीच्या ताई, मुंगी अजून आहे?

पणजीहून
आहे. आज 'मडगांव'वर बसलीय. जुन्या पद्धतीनं बरोबरच की.