इक्थिओसॉरचं हाड उचललं म्हणजे चोरी केली का?

निळा_चिखल: "सागरी सरीसृपांची हाडं खिशात घालणारा प्रत्येक जण चोर. जीवाश्म जिथं आहे तिथंच राहू द्या." काल हे वाचलं आणि रात्रभर डोक्यातून गेलं नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रेजिसला वादळानंतर एकदा उभं राहून बघा. कडा ढासळतो, लायसचा (तिथल्या जुरासिक काळातल्या खडकथरांचा) चिखल किनाऱ्यावर येतो आणि लाटा त्यातली हाडं गोट्यांवर घासत राहतात. मला तिथं इक्थिओसॉरचा, म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या माशासारख्या सागरी सरीसृपाचा, एक मणका मिळाला. कॅरमच्या सोंगटीएवढा, दोन्ही बाजूंनी खोलगट. दुसऱ्या दिवशी तो ढीगच समुद्राने नेला होता. सांगा, कुठं राहू द्यायचा होता?

थरवाचक: ते वाक्य माझं. हाड वाचलं, माहिती गेली. कुठला थर, शेजारी काय, लिहिलंत? "सुटं सापडलं" म्हणणारे कड्याला हातोडे लावताना मी पाहिलेत.

निळा_चिखल: त्यांचं पाप माझ्या माथी कशाला? सुटं उचलायला तिथं मुभा आहे, कड्यात खणायला परवानगी लागते, महत्त्वाचं सापडलं तर नोंदवायचं. मी नियम पाळलेत.

मेरीची_बाजू: एकोणिसाव्या शतकात याच लाइम रेजिसला जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग हाडं विकूनच घर चालवायची. तीही चोर? 1823 मध्ये तिने प्लेसिओसॉरचा (लांब मानेच्या सागरी सरीसृपाचा) जवळजवळ पूर्ण सांगाडा काढला. 1824 मध्ये भूवैज्ञानिक कॉनीबेअरने तो लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडला, तिचं नावही न घेता. त्या सोसायटीत बायकांना सभासदत्व मिळायला 1919 उजाडलं!

थरवाचक: विषय काय, तुम्ही बोलताय काय! तिची हाडं अभ्यासकांपर्यंत पोचली. तुमच्या कपाटातली कोण बघणार?

मेरीची_बाजू: विषय तोच आहे. राबणाऱ्याला तेव्हा नाव नाही, आज शिवी. आणि संग्रहालयाचा एवढा भरवसा? तिने शोधलेला एक इक्थिओसॉर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये होता. 1941 च्या बॉम्बहल्ल्यात गेला. येल आणि बर्लिनमध्ये त्याच्या प्रतिकृती होत्या म्हणून तो कसा दिसायचा ते तरी कळतं.

जुना_संग्राहक: बॉम्ब कशाला, पायराइट (जीवाश्मात मुरलेलं लोह-गंधकाचं खनिज) पुरे. माझ्याकडे जबड्याचा तुकडा होता. दमट कपाटात ठेवला, ही माझीच चूक. उघडलं तर गंधकाचा वास, पिवळट भुकटी, आणि आम्लाने खालची चिठ्ठी खाल्लेली. जागा, तारीख, सगळं त्या चिठ्ठीवरच होतं. अजून जीव हळहळतो.

थरवाचक: बरं, "प्रत्येक जण" मागे घेतो. चिठ्ठी न ठेवणाऱ्यांबद्दल मात्र एक शब्द बदलणार नाही.

निळा_चिखल: माझ्या मणक्याला चिठ्ठी आहे. जागा आणि तारीख आहे, थर नाही. ढासळलेल्या ढिगातून उचलला, थर लिहिणार कुठून?