मदत हवी आहे: कुटुंबाचं उत्पन्न नेमकं विचारायचं कसं?

कुटुंबाची मिळकत, काम आणि सरकारी मदत यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो, यावर प्रबंध लिहितेय. प्रश्नावलीतच अडकलेय.

‘महिन्याला किती कमावता?’ या प्रश्नाला रोजंदारीवरच्या माणसाने काय उत्तर द्यावं? एका महिन्यात हातात पैसा, पुढच्यात उधारी. वर्षभराचं विचारलं तर लोक विसरतात, आठवड्याचं विचारलं तर तो आठवडाच वेगळा निघतो. मदतीची रक्कम तर हमखास कमी सांगितली जाते. कधी विसरून, कधी संकोचाने, कधी ती बंद होईल या भीतीने. (भीती अगदीच चुकीची आहे असं मला वाटत नाही.)

अमेरिकेत १९६८ पासून त्याच कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्या माग ठेवणारी पाहणी चालू आहे, मेक्सिकोत १९९७ साली प्रोग्रेसा या गरीब कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या योजनेत गावं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या गावांची तुलना केली. माझ्याकडे ना तेवढा वेळ, ना पैसा.

कुणी घरखर्चाच्या डायऱ्या भरून घेतल्या आहेत का? लोक किती आठवडे टिकतात? आणि नवरा-बायकोला वेगवेगळं विचारावं का? दोघांचे आकडे जुळले नाहीत तर कुणाचा धरायचा?