एकटीनं नव्यानं घर मांडणाऱ्या मैत्रिणीचं स्वयंपाकघर भरायचंय : तुमचे अनुभव लिहा

सोनकी :
नमस्कार मंडळी, माझी शाळेपासूनची मैत्रीण येत्या आठवड्यात चिंचवडला वन आरकेमध्ये एकटी राहायला येतेय. घटस्फोटाचं कोर्टातलं सगळं उरकलंय, लेक नागपूरला हॉस्टेलला आहे, आणि तिकडच्या घरातनं ती कपडे, कागदपत्रं आणि तिच्या आईचं एक पितळी पातेलं एवढंच घेऊन निघालीय. आम्ही तिघीचौघींनी ठरवलंय की ती किल्ली लावून आत येईल तेव्हा तिला चहा करता आला पाहिजे आणि रात्री खिचडी टाकता आली पाहिजे, दुसऱ्या दिवशीचं मग बघू. लग्नात रुखवतावर चमच्यापासून मिक्सरपर्यंत सगळं मांडून ठेवतात आणि तीच मुलगी पुढे एकटीनं घर लावायला निघाली की लोक तोंड फिरवतात, खरं तर तेव्हा तिला दसपट जास्त गरज असते.

सध्याची यादी अशी आहे : तांदूळ 2 किलो, कणीक 2 किलो, तूरडाळ आणि मूगडाळ अर्धा अर्धा किलो, शेंगदाणा तेल 1 लिटर, साखर, गूळ, चहा, मीठ, पोहे, रवा, दाणे, गोडा मसाला, आणि मिसळणाचा डबा भरून. भांड्यात 2 लिटरचा कुकर, तवा, छोटी कढई, पोळपाट लाटणं, सांडशी. गॅसचं अजून काही ठरलं नाहीये.

कुणासाठी असं केलं असेल किंवा तुमच्यासाठी कुणी केलं असेल तर प्लीज लिहा. काय लगेच लागलं, काय पडून राहिलं, आणि देताना तिला ओशाळवाणं वाटू नये म्हणून काय केलंत तेही लिहा.

कृष्णाकाठ :
यादी छान आहे पण माझं ऐकाल तर यातलं अर्धंच आणा, उरलेलं तिला सोबत घेऊन जाऊन घ्या. माझ्या मावसबहिणीच्या वेळी आम्ही तेच केलं. ती एवढी वर्षं एकत्र कुटुंबात, घरात सामान सासरे आणायचे, चहा कुठला, तिखट कुठलं हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. वाण्यानं विचारलं की ताई तिखट कुठलं देऊ, ब्याडगी का लवंगी, तर ती माझ्याकडेच बघायला लागली. मी काहीच बोलले नाही मुद्दाम. मग तिनं दोन्ही पुड्या हातात घेतल्या, वास घेतला, आणि म्हणाली मला झणझणीत आवडतं गं, आमच्याकडे सगळे मिळमिळीत खायचे म्हणून मी सोडून दिलं होतं. आणि पाव किलो लवंगी आणि वर पाव किलो कांदा लसूण मसाला घेतला. त्या दुकानात आमचा पाऊण तास गेला असेल पण तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

तेव्हा मीठ, साखर, चहा, तेल, खिचडीपुरते डाळ तांदूळ, फोडणीचं सामान हे तुम्ही ठेवा. मसाले, लोणचं, तांदूळ कुठला, हे तिचं तिला ठरवू द्या. आंबेमोहर आवडतो का कोलम का इंद्रायणी हे फार वैयक्तिक असतं.

ओशाळवाणं वाटण्याबद्दल : आम्ही तिच्या नव्या घराजवळच्या वाण्याकडे थोडे पैसे आगाऊ भरून ठेवले, तिच्या नावानं खातं काढलं. तिला सांगितलं की हे संपलं की पुढचं तू बघ. रोज येऊन कुणी पिशव्या ठेवून जाण्यापेक्षा तिला हे बरं वाटलं असं ती स्वतः म्हणाली.

वाशिष्ठी :
आमचं चिपळूणचं. 22 जुलै 2021 च्या पुरात माझ्या मैत्रिणीच्या घरात छपरापर्यंत पाणी होतं. तिचा नवरा आधीच्याच वर्षी गेलेला, मुलंबाळं नाहीत, आणि कोकणात मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी भरून ठेवतात ना, तांदूळ, कुळीथ, आमसुलं, सोडे, सुकट, वर्षाचा मसाला, ते सगळंच्या सगळं चिखलात गेलं. मदत खूप आली, खोटं बोलणार नाही, गाड्याच्या गाड्या आल्या. पण येणाऱ्यात तांदूळ, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, आणि डाळ होती तर फोडणीला मोहरी नाही, काड्यापेटी कोरडी नाही, सुरी नाही, बादली नाही. मी रत्नागिरीहून गेले तेव्हा पहिल्यांदा या बारक्या वस्तूच नेल्या. लायटर, काड्यापेट्या प्लास्टिकच्या डब्यात, सुरी, विळी, गाळणं, घासणी, साबण, फडकी, झाकणाचे डबे. सोनकी तुझ्या यादीतपण गाळणं नाहीये बघ, चहा कसा गाळणार ती?

आणि दुसरी गोष्ट म्हणजे कुळथाची पिठी. माणूस खचलेलं असतं तेव्हा भिजवा, वाटा, शिट्ट्या मोजा, हे होत नाही. पिठी असली की पाण्यात कालवायची, लसणीची फोडणी, तिखट मीठ, दोन आमसुलं, उकळी आली की झालं, भातावर ओतून गरम गरम जेवायचं. मी तिला दोन किलो पिठी दिली होती, ती म्हणाली त्या पावसात मी त्यावरच उभी राहिले. बाकी तिला तिच्या जिभेचं मिळालं याचं तिला जास्त होतं, आलेल्या पाकिटातला मसाला तिच्या तोंडाला लागत नव्हता, मग आमच्या आईनं तिच्यासाठी वेगळा मालवणी मसाला कुटून दिला.

अबोली :
आमच्या भिशीतल्या बायकांनी मिळून केलं होतं. एकच सांगते, कोण काय आणणार ते आधी ग्रुपवर लिहून घ्या, नाहीतर पाच जणी तूरडाळच आणतात.

सिद्धेश्वर पेठ :
मी पुरुष आहे, आणि माझा अनुभव शेजारच्या काकांचा आहे, चालेल ना. एसटीतनं रिटायर झालेले, काकू अचानक गेल्या, मुलगी दुबईला. तेराव्यानंतर सगळे पाहुणे गेले आणि काका स्वयंपाकघरात नुसते उभे. सामान भरपूर होतं घरात, काकूंनी भरलेलंच होतं, पण कुठल्या डब्यात काय ते काकूंनाच माहिती. मैदा का तांदळाचं पीठ, धने पूड का गरम मसाला, काका वास घेऊन घेऊन बघायचे आणि परत झाकण लावायचे. तर मी आणि माझ्या बायकोनं एक रविवार बसून सगळे डबे उघडले, जुनं झालेलं काढलं, बाजरीचं पीठ कडू झालं होतं ते टाकलं (बाजरीचं फार दिवस टिकतच नाही, एकट्या माणसाला अर्ध्या किलोच्या वर देऊ नका), आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली. नुसतं नाव नाही, वापर पण लिहिला. "तूरडाळ. 1 वाटी डाळ, 3 वाट्या पाणी, 4 शिट्ट्या." असं. एका डब्यावर मात्र काकूंच्या हातची जुनी चिठ्ठी होती, ती काकांनी काढू दिली नाही, आम्हीही काढली नसतीच.

आमच्या सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगा चटणी ही जोडी मी कुणालाही देईन. ज्वारीची कडक भाकरी कोरड्या डब्यात आठवडेच्या आठवडे राहते, चटणीवर तेल नाहीतर दही घातलं की जेवण झालं, गॅस पेटवायची गरज नाही. काका आता भात आमटी करतात, मध्ये एकदा आम्हाला जेवायला बोलावलं होतं, शेवग्याच्या शेंगा घातलेली आमटी केली होती आणि अगदी मनापासून सांगतो, उत्तम झाली होती.

सोनकी :
वाशिष्ठी ताई गाळणं लिहून घेतलं, साबण घासणी पण. कृष्णाकाठ, वाण्याकडे खातं ही आयडिया फार आवडली, उद्याच जाऊन बोलते. दादा, चिठ्ठ्यांचं वाचून डोळ्यात पाणी आलं. त्या बिल्डिंगला बोअरचं पाणी आहे असं आत्ता कळलं, त्यानं काही फरक पडेल का?

वऱ्हाडी :
पडते ना. बोअरचं पाणी जड असलं की तूरडाळ लवकर शिजत नाही, शिट्ट्यावर शिट्ट्या होतात आणि डाळ तशीच्या तशी टचटचीत. मूगडाळ आणि मसूर जास्त ठेवा, ते होऊन जाते. नाहीतर पिण्याच्या पाण्यात डाळ लावायची.

माझी मैत्रीण मास्तरीण आहे, बदली होऊन यवतमाळकडे एकटी गेली, तिला मी मुंगवड्या दिल्या होत्या आईनं उन्हाळ्यात घातलेल्या. एकट्या माणसाचा भाजीचा मोठा प्रॉब्लेम असते, पाव किलो वांगे आणले तरी दोन दिवस तेच, आणि फ्रिज नसला तर पालेभाजीचं नावच काढू नका. मुंगवड्या मूठभर तेलात परतल्या, कांदा टाकला, रस्सा केला, एका जेवणाची भाजी झाली, वर्षभर टिकते. जवसाची चटणी पण द्या, थोडी थोडी द्या म्हणजे खवट होणार नाही. आणि तूरडाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवा, तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका, पावसाळ्यात टोके लागले की जीव नकोसा होते.

श्टुटगार्टची :
इकडचं थोडं लिहिते, कुणाला उपयोग झाला तर. जर्मनीत भाड्याच्या घराला बरेचदा स्वयंपाकघरच नसतं, म्हणजे खोली असते पण ओटा, सिंक, शेगडी काहीच नाही, आधीचा भाडेकरू सगळं उचकटून घेऊन गेलेला असतो. माझी मैत्रीण नवऱ्यापासून वेगळी झाली आणि तिला असंच घर मिळालं, भिंतीतनं नुसते पाण्याचे पाईप बाहेर आलेले, आणि त्यात शनिवारी संध्याकाळी किल्ली मिळाली, रविवारी इकडे दुकानं बंद. मी माझी प्लगवर चालणारी एक शेगडी, एक पातेलं आणि एका मोठ्या पिशवीत सामान घेऊन गेले. मसूर डाळ इकडे कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळते आणि कुकर नसतानाही झटकन शिजते म्हणून तीच नेली, सोबत तांदूळ, हळद, जिरं, हिंग, तूप, लिंबू. जमिनीवर बसून आम्ही डाळ भात खाल्ला आणि ती पहिल्यांदा पोटभर जेवली त्या आठवड्यात.

पुढे तिला टर्किश दुकान दाखवलं, रवा, चणे, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या तिथे मिळतात. पोळ्यांना 1050 नंबरचं गव्हाचं पीठ चालतं, लाटायला जरा चिवट असतं पण जमतं. इंडक्शन असेल तर भारतातनं ॲल्युमिनियमची कढई अजिबात आणू नका, तळाला लोहचुंबक चिकटलं पाहिजे. हिंग मात्र येताना आणाच, आणि मेतकूट. मेतकूट, तूप आणि मऊ भात, आजारी असताना एकट्या माणसाला याच्यासारखं दुसरं काही नाही.

कृष्णाकाठ :
मेतकूटाला माझं पण मत. आणि सोनकी, रवा देशील तो भाजूनच दे, टिकतो पण आणि उपमा पटकन होतो. दाण्याचं कूट करून देऊ नको, दाणे भाजून दे, कूट ती करेल लागेल तसं.

अबोली :
एक राहिलं, रेशनकार्डाचं. जुन्या कार्डातनं नाव कमी झाल्याशिवाय नवं वेगळं कार्ड निघत नाही, तर तिला आत्ताच अर्ज द्यायला सांगा, सोबत कुणीतरी जा, एकट्या बाईला हेलपाटे घालायला लावतात. माझ्यासोबत माझी वहिनी यायची आणि त्यानं खूप फरक पडला.

सिद्धेश्वर पेठ :
गॅसचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. कनेक्शन ट्रान्सफर किंवा नवीन घ्यायला पत्त्याचा पुरावा मागतात आणि भाडेकरार हातात यायला वेळ लागतो, तोपर्यंत 5 किलोचा छोटा सिलिंडर घ्या. इंडियन ऑइलचा "छोटू" म्हणून मिळतो, एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवरही असतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र चालतं. एकट्या माणसाला बरेच दिवस पुरतो आणि उचलायला हलका, जिन्यानं न्यायचा असेल तर तेही महत्त्वाचं. रेग्युलेटर बसतोय ना ते तिथंच लावून बघा, आणि रबरी नळी आयएसआय मार्कची घ्या, तिच्यावर कुठपर्यंत वापरायची ते साल छापलेलं असतं, ते वाचून घ्या.